एकटीचा एक दिवस : न्यूयॉर्क ते पकिप्सी

(इयत्ता आठवी ते दहावीसाठी पूरक वाचन : भूगोल व इतिहास)



नागपूरहून छिंदवाड्याला रस्त्याने जायचे म्हटले की साधारण सव्वाशे किलोमीटर पडतात, आणि आपले सौंसर त्या वाटेच्या जवळजवळ मध्यावर येते, हे तुम्हाला माहीतच आहे. आता नकाशाच्या पुस्तकात अमेरिकेचे पान काढा. पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्क शहर सापडेल. तेथे समुद्राला मिळणाऱ्या हडसन नदीवर बोट ठेवा आणि नदीच्या उजव्या अंगाने सरळ उत्तरेकडे सरकवत न्या. नागपूर-छिंदवाड्याइतकेच अंतर गेल्यावर पकिप्सी नावाचे गाव लागते. इंग्रजीत हे नाव लिहिले तर कोणालाही पहिल्यांदा नीट वाचता येत नाही, इतकी त्यात अक्षरे आहेत. नाव इंग्रजी नाहीच. गोरे लोक येण्यापूर्वी त्या भागात राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले ते आहे. लव्हाळ्याने शाकारलेली झोपडी आणि तिच्याजवळचे पाणी, असा काहीसा त्याचा अर्थ सांगतात.

या गावाच्या दफनभूमीत एका मराठी मुलीची रक्षा पुरलेली आहे. तिचे नाव तुम्ही ऐकले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी.

मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी. नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. शाळेने प्रवासावर एखादा पाठ लिहायला सांगितला, तेव्हा नायगारा धबधब्यावर लिहावे असे आधी मनात आले. पण नायगाऱ्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि तेथे मी दहा जणांबरोबर गेले होते. दहा जणांबरोबर गेले की माणूस धबधबा कमी आणि एकमेकांचे फोटो जास्त पाहतो. म्हणून मी एकटीने, आयत्या वेळी ठरवून, सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले त्या दिवसाचा पाठ करते.

प्रथम थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या गावी जाण्याचे कारण कळणार नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, गाव कल्याण. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळाला असता तर मूल वाचले असते, हे तिच्या मनात राहिले, आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा विचार पक्का झाला. गोपाळरावांनी तिला शिकवले हे खरे, पण त्या शिकवण्यात मारही होता, हेही खरे. तिने पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत या गोष्टीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे भाषणांत पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी गाळतात. विद्यार्थ्यांनी दोन्ही वाचाव्यात असे मला वाटते.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पाठवलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. ही १८८० ची गोष्ट. ओळख ना पाळख, पण पत्रांतून इतका जिव्हाळा झाला की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे भरसभेत उभे राहून तिने आपण अमेरिकेला का जात आहोत हे इंग्रजीत सांगितले. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्क बंदरात उतरली. वय अठरा वर्षे दोन महिने. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पण नवरा, आई-वडील, भाऊ यांपैकी कोणीही नव्हते.

येथे एक गमतीची माहिती सांगण्याचा मोह होतो. ती ज्या रोझेल गावी कार्पेंटर मावशींकडे उतरली, त्या गावात त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. अशा रीतीने उजळलेले ते जगातले पहिले गाव समजले जाते. म्हणजे कल्याणच्या वाड्यात पणतीच्या उजेडात वाढलेली मुलगी थेट विजेच्या गावात येऊन उतरली.

पुढे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिचे शिक्षण झाले. हे महाविद्यालय १८५० साली निघाले होते. तेथे १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेला एक फोटो आता जगभर प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशी पोशाखात बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही मिळाली. पण तब्येत क्षयाने पोखरली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना कमी होता. कोल्हापूरची जागा घेणे झालेच नाही.

त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आली आणि मावशींनी ती पकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरून वर दगड उभा केला. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ ची कादंबरी वाचनीय आहे, जरूर वाचा. पण ती कादंबरी आहे हे लक्षात ठेवून वाचा. त्यांच्या समकालीन काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्रही आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर फरक कळतो.

आता त्या दिवसाकडे येऊ.

परदेशात राहतात म्हणजे लोक रोज नवे काही पाहत असतील, असा इकडे समज असतो. तसे काही नसते. माझा दिनक्रम जर्सी सिटीतले घर, नदीखालून जाणारी लोकल, न्यूयॉर्कमधले ऑफिस, पुन्हा लोकल, आणि शनिवारी न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून कणीक, तूरडाळ, कढीपत्ता, एवढाच होता. बैलाला घाणा तसा हा फेरा. तीन वर्षांत मी न्यूयॉर्कच्या उत्तरेला एकदाही गेले नव्हते. २०२४ च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी सातला जाग आली, बाहेर स्वच्छ ऊन होते, मैत्रिणी गावाला गेलेल्या. चहा पिता पिता ठरवले, आज पकिप्सी.

आयत्या वेळी ठरवले म्हणजे काहीच न बघता निघाले, असे मात्र करू नये. मला चहा संपेपर्यंत तीन गोष्टी कळायला हव्या होत्या : जाण्याची गाडी किती वाजता, परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि सूर्य किती वाजता मावळणार. तिसरी गोष्ट आपल्याकडे कोणी विचारत नाही, कारण सौंसर विषुववृत्तापासून साडेएकवीस अंशांवर आहे आणि आपला दिवस उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा लांब-आखूड होत नाही. पकिप्सी जवळजवळ बेचाळीस अंशांवर आहे. तेथे जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहापर्यंत उजेड होता. मी पाचच्या आत परतीची गाडी धरायची असे ठरवले. मग आईला फोन केला. सौंसरला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

आईने एकच विचारले, “डबा घेतलास का?” मी पोळी आणि लिंबाचे लोणचे घेतले.

न्यूयॉर्कमध्ये बेचाळीसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल नावाचे स्टेशन आहे. आताची इमारत १९१३ साली उघडली. तिच्या मुख्य दालनाचे छत निळसर हिरवे असून त्यावर सोनेरी नक्षत्रे रंगवली आहेत. मात्र ती उलटी आहेत, आरशात दिसावीत तशी. दालनाच्या मधोमध गोल घड्याळ आहे. या स्टेशनाची एक खोड मला फार आवडते. फलकावर जी वेळ लिहिलेली असते त्यापेक्षा गाड्या मुद्दाम एक मिनिट उशिरा सोडतात, म्हणजे धावत येणाऱ्यांना गाडी मिळते. तिकीट मात्र आधी यंत्रातून किंवा खिडकीवर काढावे. गाडीत चढून तिकीट तपासनिसाकडे काढले तर जास्त पैसे पडतात.

गाडी उत्तरेकडे जाते तेव्हा डावीकडे बसावे, नदी त्या बाजूला असते. ज्यांना हे माहीत नसते ते उजवीकडे बसतात आणि दोन तास खडकाच्या भिंती पाहतात. शहराचा उत्तर भाग संपला की रूळ अगदी पाण्याला लागून जातात, इतके की खिडकीतून खाली पाहिले तर खडी दिसत नाही, पाणीच दिसते. पलीकडच्या तीरावर काळसर उभ्या कड्यांची रांग कितीतरी किलोमीटर चालते. तिला पॅलिसेड्स म्हणतात. जमिनीत शिरलेला तप्त शिलारस थंड होऊन हे खडक तयार झाले. आपल्या सातपुड्याच्या बऱ्याच भागात दिसणारा बेसाल्ट जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा. हा तसाच काळपट, पण जमिनीच्या पोटात थिजलेला. भूगोलाच्या पुस्तकात आंतरनिर्मित आणि बहिर्निर्मित खडक असा धडा आहे, त्याचे हे दोन नमुने समजा.

हडसनबद्दल सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ही नदी दोन्ही दिशांना वाहते. समुद्राची भरती तिच्या पात्रात जवळजवळ अडीचशे किलोमीटर आत, ट्रॉय नावाच्या गावापर्यंत चढते. भरतीच्या वेळी पाणी उत्तरेकडे, म्हणजे उगमाकडे सरकते आणि ओहोटीच्या वेळी पुन्हा समुद्राकडे. मूळ रहिवाशांनी नदीला दिलेल्या नावाचाही अर्थ दोन्हीकडे वाहणारी असाच आहे. मी गाडीतून एक लाकडाचा ओंडका पाण्यावर पाहिला. तो आमच्याच दिशेने, उलटा, वर चालला होता. कन्हानच्या पाण्यात असे कधी दिसणार नाही, कारण कन्हान समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि उंचावर आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी हडसनमधले खारे पाणी सरकत सरकत पकिप्सीच्या जवळ येते आणि गावाच्या लोकांना काळजी पडते, कारण गावाचे पिण्याचे पाणी याच नदीचे.

ऑक्टोबरात या बाजूला झाडांची पाने लाल-पिवळी होतात आणि ती पाहायला गर्दी लोटते. माझा डबा कोल्ड स्प्रिंग स्टेशनापर्यंत भरलेला होता, मग रिकामा झाला. पाने रंगतात याचे कारण तुमच्या विज्ञानाच्या सरांना विचारा; थोडक्यात असे की थंडीची चाहूल लागली की झाड पानातले हरितद्रव्य मोडून घेते, मग आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. या गाडीतून ओसिनिंग गावचा प्रसिद्ध सिंग सिंग तुरुंगही दिसतो. रूळ चक्क त्याच्या आवारातून गेले आहेत. पुढे पलीकडच्या तीरावर वेस्ट पॉइंटची सैनिकी अकादमी आणि नदीतल्या एका बेटावर पडक्या किल्ल्यासारखी इमारत दिसते. तो किल्ला नव्हे, बॅनरमन नावाच्या शस्त्रांच्या व्यापाऱ्याचे गोदाम होते.

पकिप्सी हे या मार्गाचे शेवटचे स्टेशन. दफनभूमी तेथून दक्षिणेला अडीच-तीन किलोमीटरवर आहे. वाटेत मोठा हमरस्ता लागतो, पायी चालणाऱ्याला तो सोयीचा नाही, म्हणून मी टॅक्सी केली. आपल्याकडे दफनभूमी म्हटले की डोळ्यांसमोर येते तशी ही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गावाबाहेर बागेसारख्या दफनभूमी करण्याची पद्धत पडली, त्यांतली ही एक. वळणावळणाचे रस्ते, मोठी मोठी झाडे, उतार आणि टोकाला नदी. लोक तेथे फिरायलाही येतात. शेजारीच तारायंत्राच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युअल मोर्सची जुनी वाडी आहे. टपाल खात्यातल्या गोपाळरावांना हा शेजार आवडला असता.

दगड शोधायला मला पाऊण तास लागला. मधेच एक म्हातारी बाई भेटल्या, नवऱ्याच्या थडग्यावर फुले ठेवायला आल्या होत्या. त्यांनी विचारले, कोण आहे तुमचे येथे? नातेवाईक का? काय सांगावे कळेना. मी म्हटले, नातेवाईक नाही, पण ती माझी भाषा बोलत असे. त्यांनी कुठली भाषा म्हणून विचारले. मराठी म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, म्हणजे तुम्ही महाराष्ट्रातल्या? येथे मला नेहमी दोन मिनिटे जास्त लागतात. सौंसरचा प्रत्येक जण हे जाणतो. पुण्यात आपण हिंदीवाले, भोपाळात आपण मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानीच नागपूर होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आपले आजी-आजोबा घरातून न हलता परराज्यात गेले. म्हातारीला हे सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकले आणि मग माझ्याबरोबर त्याही दगड शोधू लागल्या. सापडला तो त्यांनाच.

दगड साधा आहे. त्यावर आनंदीबाई जोशी, एम.डी., १८६५ ते १८८७ असे असून, शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. ‘पहिली’ हा शब्द वापरताना आपण काळजी घ्यावी. त्याच १८८६ साली कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनी तेथल्या मेडिकल कॉलेजातून वैद्यकीचे शिक्षण पुरे केले, आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष व्यवसायही केला. रखमाबाई त्यानंतर काही वर्षांनी लंडनला शिकून आल्या आणि सुरत, राजकोट येथे कितीतरी वर्षे रोगी तपासत राहिल्या. आनंदीबाईंना रोगी तपासायला वेळच मिळाला नाही. दगडावरच्या ओळीत डॉक्टरकीपेक्षा घर सोडून जाण्याला महत्त्व दिले आहे, हे मला तेथे उभी असताना लक्षात आले. मावशींनी तो दगड उभारला, आणि ती किती लांबून एकटी आली हे मावशींनी दारात उभे राहून पाहिले होते.

मी पानांचा कचरा बाजूला केला, थोडा वेळ बसले, डबा खाल्ला. म्हाताऱ्या बाईंना पोळी-लोणचे दिले. लोणचे त्यांना तिखट लागले.

वेळ उरला होता म्हणून परत स्टेशनाकडे येऊन नदीवरच्या पुलावर चढले. हा पूल तुम्हाला समजायला सोपा जाईल. १८८९ साली तो रेल्वेसाठी सुरू झाला, १९७४ साली त्याला आग लागली आणि गाड्या बंद झाल्या. पुढे पस्तीस वर्षे तो नुसता गंजत उभा होता. मग लोकांनी पैसे जमवून, सरकारची मदत घेऊन, २००९ साली तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. लांबी दोन किलोमीटर, उंची पाण्यापासून साठ मीटरच्या वर. आनंदीबाई अमेरिकेत होत्या तेव्हा तो अर्धवट होता. गावात व्हासार कॉलेज आहे, तेही पाहायचे होते. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी काढलेले हे कॉलेज १८६५ साली सुरू झाले, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्याच वर्षी. पण तेथे गेले असते तर अंधार झाला असता. पाचच्या आतली गाडी धरली. रात्री आठला घरी.

एवढाच हा प्रवास. यात साहस असे काही नाही, आणि तसे दाखवण्याचा माझा हेतूही नाही. पण तो मला करता आला याचे कारण अमेरिकेत नाही, ते रामाकोन्यात आहे, आणि ते पालकांसाठी व विश्वस्तांसाठी सांगायचे आहे.

मी बारा वर्षांची असताना आईने मला छोट्या लाईनच्या गाडीत सौंसरला एकटीला बसवले आणि रामाकोन्याला मावशीकडे पाठवले. तेव्हा घराघरांत मोबाइल नव्हते. मावशी स्टेशनवर येणार होती आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत यायचे होते. आजीने तीन दिवस आईशी अबोला धरला. आईने मला कागदावर लिहून दिले होते : गाडीची वेळ, परतीची वेळ, गाडी चुकली तर कोणाच्या घरी जायचे. मी तो कागद जाताना इतक्या वेळा उघडला की घडीवर फाटला. पुढच्या वर्षी मी नागपूरला बसने एकटी गेले. ती छोटी लाईन २०१५ साली बंद झाली आणि आता त्याच मार्गावर मोठी लाईन आली आहे. पण आईचा तो कागद म्हणजेच पकिप्सीच्या सकाळी चहाबरोबर विचारलेले माझे प्रश्न, त्यात फक्त सूर्यास्त नवा.

अलीकडे सुट्टीत गावी आले की मी पाहते, दहावीच्या मुलींनासुद्धा शिकवणीला भाऊ किंवा बाबा गाडीवर सोडतात आणि आणतात. काळजी खोटी नाही, वर्तमानपत्रे मीही वाचते. पण हीच मुलगी दोन वर्षांनी नागपूर, पुणे किंवा बंगळूरला एकटी राहायला जाणार असते. तेव्हा तिला पहिल्याच दिवशी अनोळखी स्टेशनवर उतरून रिक्षा ठरवायची असते, आणि ते तिने कधी केलेले नसते. मुलांचेही काही फार वेगळे नाही. त्यांच्या हातात गाडी दिलेली असते, पण वेळापत्रक वाचायला सांगा.

म्हणून माननीय विश्वस्त मंडळाला माझी एक सूचना आहे. नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एक दिवस एकट्याने जवळच्या गावी जाऊन उजेडात परत येण्याचे काम द्यावे. गाव पालकांनी निवडावे, तेथे कोणी ओळखीचे असावे, जाण्या-येण्याच्या वेळा वर्गशिक्षकांकडे लिहून द्याव्यात, आणि पोहोचल्यावर एक फोन करावा. सहल आपण दरवर्षी काढतोच, ती बंद करा असे मी म्हणत नाही. सहलीत सर मोजतात, आपण मोजले जातो. ज्या पालकांना हे पटणार नाही त्यांच्यावर सक्ती नको. पण मुलींना वगळून फक्त मुलांसाठी हे होणार असेल तर मग मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांसाठी थोडे काम देते. नकाशात कल्याण, कलकत्ता, रोझेल, फिलाडेल्फिया आणि पकिप्सी दाखवा व आनंदीबाईंचा मार्ग पेन्सिलीने जोडा. सौंसर आणि पकिप्सी यांच्या अक्षांशांतील फरक काढा. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर धरून पकिप्सी आपल्यापेक्षा किती उत्तरेला आहे ते सांगा. त्यानंतर सौंसरहून सकाळी निघून अंधार पडण्यापूर्वी परत येता येईल असे एक गाव निवडा. पांढुर्णा, रामाकोना, लोधीखेडा, जामसावळी, कोणतेही चालेल. बस स्थानकावर किंवा रेल्वे स्टेशनवर स्वतः जाऊन जाण्याची आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, मोबाइलवर पाहू नका. त्या गावात काय पाहायचे, तेथे काय होऊन गेले, कोणाला विचारायचे, हे एका पानावर लिहा आणि पानाच्या खाली त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ टाका. वह्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.